स्ट्रॉबेरीवरील करडी बुरशी व भुरी : रासायनिक फवारणीला पर्याय आणि फळाची प्रत



सकाळी महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर तोडलेली स्ट्रॉबेरी संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघते. डबीत भरताना फळ लालबुंद आणि चकचकीत असते, देठाकडचा पानांचा झुपका हिरवागार असतो. नाव ठेवायला जागा नसते. तिसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा निरोप येतो, की माल उतरला. डबी उघडावी तर मधल्या एका फळावर करड्या रंगाची लव आलेली दिसते आणि त्याला टेकलेली चार फळे ओली पडलेली असतात. मग पट्टीत वजावट होते. दोष गाडीला दिला जातो, उन्हाला दिला जातो, व्यापाऱ्यालाही दिला जातो. परंतु ते मधले फळ बहुधा महिनाभर आधीच, फूल असतानाच, रोगाने गाठलेले असते. हे एकदा ध्यानात आले, की फवारणी केव्हा करावी, कशाची करावी आणि कोठे हात आवरावा याचा हिशेबच बदलतो.

स्ट्रॉबेरी हे साल नसलेले फळ आहे. केळी किंवा संत्र्याप्रमाणे ते सोलून खात नाहीत, पुष्कळदा धुवूनही खात नाहीत. पर्यटक तर शेताच्या बांधावर उभे राहूनच खातात. शिवाय हंगाम भरात असताना आपण एक-दोन दिवसांआड तोडा घेतो. प्रत्येक रासायनिक बुरशीनाशकाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत ते छापलेले असते. तो काळ चार-पाच दिवसांचा जरी असला, तरी सोमवारी फवारून बुधवारी तोडणाऱ्याने तो पाळायचा कसा? द्राक्षबागाईतदाराला ही अडचण एवढी भासत नाही, कारण त्याची काढणी एकदाच असते. आपल्या पिकात एकाच रोपावर कळी, फूल, हिरवे फळ आणि पिकलेले फळ एकाच वेळी नांदत असतात. म्हणून स्ट्रॉबेरीत पर्यायी उपायांचा विचार हौसेचा राहत नाही. फळ विकायचे असेल तर तो करावाच लागतो.

आधी रोग ओळखावा

फळ सडले की "बुरशी आली" एवढेच म्हणून आपण पंप उचलतो. सड सर्व एकसारखी नसते, आणि एका सडीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

करडी बुरशी (बोट्रायटिस सिनेरिया) फळाच्या देठाकडून किंवा दुसऱ्या फळाला टेकलेल्या बाजूने सुरू होते. आधी फिकट तपकिरी डाग पडतो. तो भाग मऊ असला तरी त्यातून पाणी गळत नाही. दमट हवेत त्यावर उंदराच्या अंगासारखी करडी लव उगवते. फळाला टिचकी मारली तर धुराळा उडतो. हा धुराळा म्हणजेच बीजाणू.

फळातून रस गळत असेल आणि वर काळ्या टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके असलेली पांढरी जाळी दिसत असेल, तर ती रायझोपसची ओली कूज होय. ती जखमी व जास्त पिकलेल्या फळावर येते आणि चांगल्या थंडाव्यात जवळजवळ थांबते. करडी बुरशी मात्र शीतगृहातही हळूहळू वाढतच राहते. पिकल्या फळावर गोल, खोलगट, काळपट डाग पडून त्यावर नारिंगी-गुलाबी चिकट थर दिसला, तर तो अँथ्रॅक्नोज समजावा. याचा प्रसार पावसाच्या व तुषारांच्या उडणाऱ्या थेंबांनी होतो. फळ चामड्यासारखे चिवट व तपकिरी झाले, चव कडू लागली आणि उग्र वास आला, तर ती फायटोप्थोराची कूज असते. ज्या फळांचा मातीशी व साचलेल्या पाण्याशी संबंध आला, त्यांवर ती दिसते.

भुरी ही या सर्वांहून निराळी. तिच्यात पानांच्या कडा वर वळतात, पानाची खालची बाजू जांभळट-लाल होते, फळावर पांढरी भुकटी दिसते आणि बिया उठून आल्यासारख्या वाटतात. बाकीच्या बुरशींना रुजण्यासाठी पानाफुलावर पाण्याचा ओलावा लागतो. भुरीला तो लागत नाही, उलट वाहत्या पाण्याने तिचे बीजाणू मरतात. त्यामुळे कोरड्या पण दमट हवेत आणि पॉलिहाऊसमध्ये ती जोर करते. पाऊस अडवण्यासाठी छप्पर घातले की करडी बुरशी कमी होते आणि भुरी वाढते. हा अनुभव अनेकांना आला असेल.

करडी बुरशी फुलातून शिरते

महाबळेश्वरला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारे संशोधन केंद्र आहे, ते तेथे उगाच नाही. तेथील थंड आणि दमट हवा बुरशीला मानवते. स्ट्रॉबेरीला जी हवा आवडते, तीच तिच्या शत्रूलाही आवडते.

करडी बुरशीचे बीजाणू लांबून येत नाहीत. आपल्याच शेतातल्या वाळलेल्या, रोपाच्या बुडाशी लोंबणाऱ्या जुन्या पानांवर ते तयार होतात. हवेबरोबर ते फुलावर पडतात. फूल दोन-तीन दिवसांत कोमेजते. कोमेजलेल्या पाकळ्या आणि पुंकेसर हे मेलेले पेशीजाल असल्यामुळे बुरशीला तेथे काहीच विरोध होत नाही. हवा १५ ते २५ अंश सेल्सिअस असून फूल दव, धुके किंवा पावसाने काही तास ओले राहिले, की बीजाणू रुजतात आणि तंतू फुलाच्या बुडाशी जाऊन बसतात. हिरवे फळ त्यांना वाढू देत नाही. फळ पिकले, साखर आली, गर मऊ झाला, की तेच तंतू जागे होतात. फुलापासून पक्व फळापर्यंत साधारण एक महिना जातो. एवढा काळ रोग आत दडून असतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

म्हणजे फळावर लव दिसल्यावर केलेली फवारणी त्या फळाला वाचवू शकत नाही. ती पिकल्या फळावर औषधाचा अंश तेवढा ठेवते. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला अवकाळी पावसाने महाबळेश्वर भागातील स्ट्रॉबेरीला झोडपले. अशा पावसानंतर समोर सडलेल्या फळांचेच दुःख असते. खरे लक्ष मात्र त्या दिवशी उमललेल्या फुलांकडे द्यावयास हवे, कारण त्यांचा हिशेब महिन्यानंतरच्या तोड्यात लागणार असतो.

पंप उचलण्यापूर्वी करावयाची कामे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय सफाईचा आहे. वाळलेली व पिवळी पाने कात्रीने काढून शेताबाहेर नेऊन पुरावीत. पहिला फुलोरा येण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर पंधरवड्याला हे काम करावे. हिरवी पाने मात्र ओरबाडू नयेत. फळातली साखर पानेच तयार करतात, हे विसरून पान काढणाऱ्याच्या फळाला गोडी येत नाही. तोडा करताना सडलेली फळे सरीत टाकण्याची सवय सर्रास दिसते. एक सडके फळ म्हणजे बीजाणूंचा कारखाना असतो. तोडणी करणाऱ्या बाईच्या कमरेला दुसरी पिशवी किंवा हातात वेगळी बादली द्यावी आणि सडकी फळे त्यात गोळा करावीत. ज्या हाताने सडके फळ उचलले त्याच हाताने लगेच चांगले फळ तोडू नये. सडक्या फळांचा फेरा वेगळा, तोडा संपल्यावर केला तर फार उत्तम.

दुसरे काम हवा खेळती ठेवण्याचे. उंच गादीवाफ्यावर दोन ओळींत, नागमोडी पद्धतीने लावलेली रोपे लवकर सुकतात. जास्त रोपे बसवण्याच्या मोहाने अंतर कमी केले, तर डिसेंबरमध्ये पाने एकमेकांत शिरतात आणि सकाळचे दव अकरा वाजेपर्यंत हटत नाही. वेण्णा तलावाच्या परिसरात तर थंडीत दवबिंदू गोठतात. ते वितळताना फुले ओलीच राहतात. प्लॅस्टिकचे आच्छादन आणि ठिबक सिंचन बहुतेकांनी स्वीकारले आहे, त्याने फळ मातीला लागत नाही. तरीही रोपे रुजल्यावर तुषार संच चालू ठेवणारे काही आहेत. फुलोरा सुरू झाल्यावर वरून पाणी देऊ नये. दोन वाफ्यांमधील सरीत भाताचा पेंढा किंवा वाळके गवत पसरले, तर पावसाचे थेंब चिखल उडवत नाहीत. अँथ्रॅक्नोज असलेल्या शेतात या पेंढ्याचा उपयोग औषधापेक्षा कमी नाही.

तिसरी गोष्ट नत्राची. ठिबकमधून युरिया किंवा नत्रयुक्त विद्राव्य खत जास्त गेले, तर पाने रुंद होतात, सावली दाट होते, फळ मोठे पण पचपचीत येते आणि करडी बुरशी त्यावर लवकर चढते. वजन वाढल्याचे समाधान दोन दिवस टिकते. फुले दिसू लागल्यावर नत्र आवरून पालाश आणि कॅल्शियमकडे लक्ष द्यावे. कॅल्शियम पेशींची भिंत घट्ट करते हे खरे. परंतु ते पाण्याबरोबर वाहते आणि पानाकडे अधिक, फळाकडे कमी जाते. त्यामुळे ते मुळातून नियमित थोडे थोडे देणे चांगले. कॅल्शियम क्लोराईडच्या तीव्र फवारणीने पानाच्या कडा जळतात व फळावर खारट अंश राहतो, म्हणून तिच्या नादी फार लागू नये.

मधमाशी आणि वेडेवाकडे फळ

फळाच्या प्रतीविषयी बोलताना आपण गोडीपासून सुरुवात करतो, परंतु व्यापारी आधी आकार पाहतो. स्ट्रॉबेरीच्या पृष्ठभागावर जे बारीक दाणे दिसतात, तेच तिचे खरे फळ होय. प्रत्येक दाण्याचे परागीभवन झाले तरच त्याखालचा गर फुगतो. जेथे परागकण पोचला नाही तेथे गर दबलेला राहतो आणि फळ वेडेवाकडे होते. परागीभवनात वाऱ्याचा आणि स्वतःच्याच पुंकेसरांचा वाटा असतो, पण फळ सर्व बाजूंनी भरीव होण्यासाठी मधमाशी हवी.

आता याचा बुरशीनाशकाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. कॅप्टनसारखी काही बुरशीनाशके उमललेल्या फुलावर पडली तर परागकण रुजण्याचे प्रमाण घटते. म्हणजे सड कमी झाली तरी आकार बिघडू शकतो. शिवाय कॅप्टनचा पांढरट थर फळावर दिसतो तो वेगळाच. कीटकनाशकाची फवारणी सकाळी केली तर मधमाश्याच येत नाहीत. महाबळेश्वरजवळचे मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले. या डोंगरात मधपाळांची जुनी परंपरा आहे. त्यांच्या पेट्या फुलोऱ्यात आपल्या बांधावर आल्या तर दोघांचाही फायदा आहे. फक्त फवारणीची वेळ त्यांना आधी कळवावी आणि कोणतीही फवारणी, जैविक असली तरी, माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी करावी.

कॅनडातील संशोधकांनी याही पुढे जाऊन मधमाशीलाच फवारणीचे काम लावले. पेटीच्या दाराशी उपयुक्त बुरशीची भुकटी ठेवली. माशी बाहेर पडताना तिच्या पायांना व अंगाला भुकटी लागते आणि ती नेमकी फुलात पोचते, म्हणजे जेथे करडी बुरशी शिरते तेथेच. पंपाने पानांवर वाया जाणारे औषध वाचते. आपल्याकडे हे अजून शेतापर्यंत आलेले नाही. त्यातले तत्त्व मात्र आजही घेता येते. जैविक औषधाचा फवारा पानांच्या छत्रीवर मारून उपयोग नाही, नोझल खाली धरून तो फुलांवर पडला पाहिजे.

जैविक बुरशीनाशके

ट्रायकोडर्मा आता सर्वांच्या परिचयाचा आहे. लागवडीपूर्वी दोन ते अडीच किलो ट्रायकोडर्मा भुकटी १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, आठवडाभर सावलीत मुरवावी आणि एका एकराच्या वाफ्यांत टाकावी. रोपांची मुळे लिटरला १० ग्रॅमच्या द्रावणात बुडवून लावावीत. यामुळे मूळकूज व खोडकूज आटोक्यात राहण्यास मदत होते. फळावरील करडी बुरशीला जमिनीतील ट्रायकोडर्मा पोचत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्यासाठी ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा फवारा फुलोऱ्यात, सात ते दहा दिवसांच्या अंतराने द्यावा लागतो. हे उपयुक्त जीव कोमेजणाऱ्या पाकळीवर आधी जागा धरतात आणि करडी बुरशीला पाय ठेवू देत नाहीत. "आधी" हा शब्द महत्त्वाचा. पाऊस येऊन गेल्यावर चार दिवसांनी फवारलेले ट्रायकोडर्मा म्हणजे लग्न लागल्यावर दिलेले निमंत्रण.

यांची प्रत आणि वापर यांत फार चुका होतात. पाकिटावरची अंतिम तारीख पाहावी. पाकीट उन्हात ठेवलेल्या दुकानातून घेऊ नये. कार्बेन्डाझिमसारखे रासायनिक बुरशीनाशक फवारलेल्या पंपात, पंप न धुता ट्रायकोडर्मा भरले तर ते मरते. ताम्रयुक्त औषधांबरोबर तर मुळीच मिसळू नये. आणि अपेक्षाही माफक ठेवावी. हवा कोरडी असताना जैविक उपाय चांगले साथ देतात. सतत पाऊस व धुके असताना ते एकटे पुरे पडत नाहीत. फळाच्या प्रतीच्या दृष्टीने त्यांचा मोठा गुण असा, की चव व वास यांत फरक पडत नाही आणि रासायनिक अंश राहत नाही. भुकटीच्या स्वरूपातील काही उत्पादनांत शंखजिऱ्यासारखा भरणा असतो. त्याचे पांढरे ठिपके फळावर बसतात. पिकणाऱ्या फळांच्या काळात म्हणून द्रवरूप उत्पादन घ्यावे किंवा द्रावण गाळून घ्यावे.

भुरीसाठी गंधक, सोडा, दूध

पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, हा भुरीवरचा जुना आणि भरवशाचा उपाय. सेंद्रिय शेतीतही तो चालतो. हवा ३० अंशांच्या वर असताना तो पाने भाजतो. तेलयुक्त फवारणीच्या आधी किंवा नंतर दोन आठवडे तो वापरू नये. फळावर त्याचा डाग व वास राहतो, म्हणून फळधारणेच्या आधी आणि लहान हिरव्या फळांपर्यंतच त्याला जागा द्यावी. लाल कोळी खाणाऱ्या मित्र कोळ्यांनाही तो मारक ठरतो. नंतर कोळी वाढला तर नवल वाटू नये.

पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ५ ग्रॅम याप्रमाणे भुरीच्या तंतूंवर पडले तर ते तंतू कोमेजतात. वास नाही, डाग फारसा नाही, तोड्याची अडचण नाही. परंतु हे औषध ज्यावर पडले त्यालाच मारते. उद्या येणाऱ्या बीजाणूला ते अडवत नाही. त्यामुळे सुरुवातीचे ठिपके दिसताच, पानाच्या खालच्या बाजूने, पुन्हा पुन्हा फवारावे लागते. प्रमाण वाढवले तर पाने जळतात. स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडाही असेच काम करतो. मात्र त्यातील सोडियम पाने व जमीन दोहोंना नको असते. तो एखाद्या वेळी परसबागेत ठीक, एकरभर शेतात नाही.

दुधाचा प्रयोग ब्राझीलमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाला. काकडीवर्गीय पिकाच्या भुरीवर दहा टक्के दुधाचा चांगला परिणाम दिसला. तेव्हापासून दूध आणि ताक फवारणाऱ्यांची संख्या वाढली आहे. स्ट्रॉबेरीवर फळे नसताना करून पाहण्यास हरकत नाही. फळे असताना मात्र माझा सल्ला नको असाच राहील. दुधाचा पापुद्रा फळावर वाळतो, धूळ धरतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि डबीत आंबूस वास येतो. निंबोळी तेलाचीही गोष्ट तीच. त्याचा कडवट वास फळाला लागतो व चकाकी जाते.

येथे एक सावधगिरी आवर्जून सांगितली पाहिजे. शेण, गोमूत्र यांपासून केलेली द्रावणे जमिनीत द्यावीत, फळांवर फवारू नयेत. स्ट्रॉबेरी कच्ची खाल्ली जाते. २०११ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात हरणांच्या लेंड्यांमुळे दूषित झालेल्या स्ट्रॉबेरीतून ई. कोलाय जिवाणूची बाधा झाली. अनेक लोक आजारी पडले आणि एक वृद्ध स्त्री दगावली. "नैसर्गिक" म्हटले की निर्धोक असे धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तोडणीपासून डबीपर्यंत

स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. रंग थोडा वाढतो, साखर वाढत नाही. टिकावे म्हणून अर्धे पांढरे असतानाच फळ तोडण्याची रीत वाढली आहे. त्याने सड कमी दिसते, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरने रस तपासावा. ७ अंश ब्रिक्सच्या खाली फळ पाणचट लागते. सड कमी करण्याचा मार्ग कच्चे तोडण्यात नसून लवकर थंड करण्यात आहे. दव सुकल्यावर पण ऊन चढण्याआधी तोडा करावा, फळ देठासह चिमटीने तोडावे, शेतातच थेट डबीत भरावे, पुन्हा ओतून निवडू नये. फळ धुऊ नये. क्रेट सावलीत ठेवावा आणि शक्यतो तासाभरात पूर्वशीतकरणाला न्यावा. शून्य अंश व ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत चांगले फळ पाच ते सात दिवस राहते. ज्यांच्या गावात शीतकरणाची सोय नाही त्यांनी निदान दुपारचा माल उघड्या टपावर ठेवणे बंद करावे.

परदेशात लांबच्या वाहतुकीसाठी फळांच्या थप्पीवर प्लॅस्टिकचे आवरण घालून आत १५ ते २० टक्के कर्बवायू ठेवतात. करडी बुरशी त्याने मंदावते आणि फळ घट्ट राहते. प्रमाण त्याहून वाढले तर फळाला दारूसारखा वास येतो. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेल्या कायटोसानच्या पातळ लेपानेही सड कमी होऊन फळाचा घट्टपणा टिकल्याचे प्रयोगांत दिसले आहे. कोकणात कवचांचा तोटा नाही, हे खरे. पण आपल्याकडचे पुष्कळ गिऱ्हाईक शाकाहारी आहे, त्याला हे सांगून विकावे लागेल.

अमेरिकेत आणि युरोपात अतिनील किरणांचे दिवे लावलेली यंत्रे रात्री स्ट्रॉबेरीच्या ओळींवरून फिरवली जातात. दिवसा हाच प्रकाश दिला तर बुरशी सूर्यप्रकाशाच्या मदतीने आपली इजा भरून काढते. रात्रीच्या अंधारात तिला ते जमत नाही. म्हणून कमी मात्रेतही ती मरते आणि रोपाला इजा होत नाही. फळावर काहीच शिल्लक राहत नाही, हे या पद्धतीचे बलस्थान. डोळ्यांना व त्वचेला हे किरण घातक असल्याने घरगुती जुगाड करून कोणी हे दिवे शेतात लावू नयेत.

रासायनिक औषध केव्हा

फुलोरा भरात असताना दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला, तर केवळ जैविकावर विसंबणे धाडसाचे ठरते. अशा वेळी लेबलवर स्ट्रॉबेरीचे नाव असलेल्या औषधाची एकच फवारणी, पिकलेली सर्व फळे आधी उतरवून घेऊन, संध्याकाळी करावी आणि लेबलवर सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत तोडा थांबवावा. त्या दिवसांत पिकून गेलेल्या फळांवर पाणी सोडावे लागते, ते खर्चात धरावे. एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा वापरू नये. कार्बेन्डाझिमच्या गटाला दाद न देणारी करडी बुरशी जगभर १९७० च्या दशकापासूनच आढळत आहे. फवारणी करूनही सड थांबत नसेल तर मात्रा वाढवण्याऐवजी औषधाचा गट बदलावा.

आपल्या शेतात करून पाहावे

कोणता उपाय आपल्या शेतात लागू पडतो हे दुकानदाराला विचारून कळणार नाही. चार वाफे घ्यावेत. एकावर फक्त सफाई, दुसऱ्यावर सफाई आणि जैविक, तिसऱ्यावर नेहमीची फवारणी, चौथा तसाच सोडावा. फुलोऱ्यापासून महिनाभराने प्रत्येक वाफ्यातून, निवड न करता, पन्नास निरोगी दिसणारी पिकलेली फळे तोडावीत. झाकणाच्या डब्यात ओला कागद अंथरून त्यावर फळे एकमेकांना न टेकतील अशी ठेवावीत आणि डबा घरात सावलीत ठेवावा. तिसऱ्या व पाचव्या दिवशी करड्या लवेची फळे मोजावीत. त्याच दिवशी तोडलेल्या आणखी दहा फळांची चव घ्यावी, ब्रिक्स पाहावा, वेडीवाकडी किती निघाली ते मोजावे आणि घरातल्या मुलांना कोणते आवडले ते विचारावे. वाफ्यांच्या कडेची रोपे मोजणीत घेऊ नयेत, कारण शेजारच्या वाफ्याचा फवारा त्यांच्यावर आलेला असतो. आकडे वहीत तारखेसह, त्या महिन्यातील पाऊस व धुक्याच्या दिवसांसह लिहून ठेवावेत. पुढील हंगामात जुनी पाने काढण्यास किती मजुरी लावायची आणि औषधावर किती खर्च करायचा हे त्या वहीवरून ठरवावे.